बूट व्हायला सव्वादोन मिनिटं, आणि डेटाची डिस्क कधी माउंट होते कधी नाही

आळशी_पेंग्विन

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतोय. डेस्कटॉप आहे, डेबियन १२, जोडीला विंडोज पण आहे. आधी एकच १ टीबीची फिरणारी हार्डडिस्क होती, महिन्याभरापूर्वी एक एसएसडी टाकली आणि लिनक्स तिकडे हलवलं. हलवलं म्हणजे नवीन इन्स्टॉल नाही केलं, जुनी सिस्टम जशीच्या तशी आरसिंकने कॉपी केली, एसएसडीवरच एक नवीन स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायची जागा) बनवलं, एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) रूटचा, म्हणजे मुख्य सिस्टम पार्टिशनचा, यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदलला, ग्रब बूटलोडर परत बसवला आणि पहिल्या फटक्यात बूट झालं. त्यावर खूश होऊन जुन्या डिस्कवरची लिनक्सची पार्टिशनं उडवून टाकली. पाठ जरा लवकरच थोपटून घेतली असं आता वाटतंय.

तेव्हापासून बूट भयंकर स्लो आहे. हार्डडिस्कवर असताना पाऊण मिनिटात लॉगिन यायचं, आता एसएसडीवर सव्वादोन मिनिटं! आधी काळ्या स्क्रीनवर अर्धा मिनिट काहीच नाही, नुसता कर्सर लुकलुकतो. मग त्या लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकत राहतात, शेजारी "अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर" आणि पुढे डिस्क बाय-यूयूआयडी असं काहीतरी लांबलचक, आणि शेवटी घड्याळ चालू असतं, दीड मिनिटाचं. दीड मिनिट भरलं की सगळं भराभर पुढे जातं, जसं काही झालंच नव्हतं.

दुसरं म्हणजे हार्डडिस्कवर एनटीएफएसचं (विंडोजची फाइलसिस्टम) मोठं पार्टिशन आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडून वापरतो, लिनक्समध्ये /डेटा वर माउंट होतं, म्हणजे त्या फोल्डरमध्ये जोडलं जातं. कधी होतं, कधी होत नाही, मी आत्तापर्यंत काहीही पॅटर्न लावू शकलेलो नाही. आणि तिसरं, बॅकअपची यूएसबी डिस्क पण एफएसटॅबमध्ये टाकली होती, मागच्या आठवड्यात ती न लावता मशीन चालू केलं तर दीड मिनिट थांबून थेट इमर्जन्सी मोड, रूट युजरचा (अ‍ॅडमिनचा) पासवर्ड मागत बसलं. घाबरून ती ओळ हॅश टाकून बंद केलीये.

सिस्टमडी-अ‍ॅनलाइज (बूटचा वेळ मोजणारी कमांड) म्हणतंय कर्नल ३६ सेकंद, युजरस्पेस (कर्नलनंतरचं बाकी सगळं) १ मिनिट ४१ सेकंद. तिच्याच ब्लेमच्या यादीत (कोणाला किती वेळ लागला) सगळ्यात वर नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन (नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबणारी सर्व्हिस), तेही फक्त ६ सेकंद, बाकी सगळं दोन सेकंदांच्या आत. मग बाकीचा वेळ खातंय कोण?? एसएसडी खराब निघाली असेल का? अजून बदलून घेता येईल म्हणून घाई आहे.

झटपट

वेट-ऑनलाइन डिसेबल करून टाका, घरच्या मशीनवर काही उपयोग नसतो त्याचा. आणि एनटीएफएसच्या ओळीत फोर्स ऑप्शन टाका, मुकाट माउंट होतं. माझ्याकडे दोन वर्षं असंच चाललंय.

खटपट्या

फोर्स टाकू नका! निदान आत्ता तरी. त्याबद्दल खाली कोणीतरी बोलेलच, मी आधी वेळेचं बघतो.

एसएसडी बदलायला धावू नका, तिचा यात काही दोष दिसत नाहीये. डिस्क खराब असली की वेळ असा गोल आकड्यात जात नाही, कधी २० सेकंद जातील कधी ७०. तुमच्याकडे बरोब्बर ९० आणि साधारण ३० सेकंद जातायत. गोल आकडा दिसला की समजायचं कोणीतरी टाइमआउट होईपर्यंत वाट बघत बसलंय. सिस्टमडी (बूटच्या वेळी सगळं चालू करणारा प्रोग्रॅम) डिस्कसाठी डीफॉल्ट ९० सेकंदच थांबतो.

आता ब्लेममध्ये हे का दिसत नाही, तर ब्लेम फक्त जी युनिटं (सर्व्हिस, डिस्का वगैरे) शेवटी चालू झाली त्यांना चालू व्हायला किती वेळ लागला ते सांगतं. जी डिस्क आलीच नाही ती चालू झालीच नाही, म्हणून तिचं नाव यादीत येणारच नाही. म्हणजे खरा चोर सोडून बाकी सगळ्यांची हजेरी. वेट-ऑनलाइनचे ते ६ सेकंद पण बाकीच्या कामांच्या बरोबरीने चालू असतात, नेटवर्क लागणाऱ्या सर्व्हिस सोडल्या तर त्याच्यासाठी कोणी अडत नाही, ते बंद करून तुमच्या सव्वादोन मिनिटांतलं फारसं काही कमी होणार नाही.

ब्लेम सोडा, जर्नलसीटीएल -बी मध्ये (या बूटचा लॉग) "टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस" शोधा, तिथे यूयूआयडी मिळेल. मग एलएसबीएलके -एफ चालवा आणि तो यूयूआयडी मशीनमधल्या कुठल्या पार्टिशनचा आहे बघा. माझी पैज, कुठल्याच नसणार. तुम्ही रूटचा यूयूआयडी बदलला असं लिहिलंय, स्वॅपचा बदलला असं कुठे लिहिलेलं नाही. एमकेस्वॅपने नवीन स्वॅप बनवलं की नवीन यूयूआयडी मिळतो, आणि जुनं स्वॅप तुम्ही स्वतःच्या हातानेच उडवलंय. एफएसटॅब बिचारं अजून त्याचीच वाट बघतंय.

दीड मिनिटानंतर बूट पुढे का जातं हेही त्यातूनच कळतं. स्वॅप मिळालं नाही तर सिस्टमडी वाट बघून कंटाळतो आणि स्वॅपशिवाय पुढे जातो. पण नोफेल (मिळालं नाही तरी चालेल, असा एफएसटॅबचा ऑप्शन) न लावलेलं माउंट मिळालं नाही तर तो लोकल-एफएस टार्गेट (डिस्का जोडण्याचा टप्पा) फेल धरतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये टाकतो, तुमच्या यूएसबी डिस्कचं तेच झालं. वाट दोन्हीकडे सारखीच, शिक्षा वेगळी.

उरले कर्नलचे ३६ सेकंद. हे लोक सोडून देतात आणि मग म्हणतात एफएसटॅब नीट केलं तरी स्लोच आहे. डेबियनच्या नेहमीच्या इनिटरॅमएफएसमध्ये (रूट माउंट व्हायच्या आधी चालणारी छोटी तात्पुरती सिस्टम) जो वेळ जातो तो या हिशोबात कर्नलच्या नावावर लागतो, वेगळा दाखवत नाही. कर्नलचं स्वतःचं काम पाच-सहा सेकंदांचं असेल. वरचे ३० इनिटरॅमएफएसने घालवलेत, हायबरनेशनमधून उठायचंय का हे बघायला तो पण जुनं स्वॅप शोधतोय. इटीसीमध्ये इनिटरॅमएफएस-टूल्स, त्यात कॉन्फ डॉट डी, त्यात रिझ्यूम नावाची एका ओळीची फाइल असेल, ती तुमच्या आरसिंकबरोबर इमानदारीत इकडे आलीये. उघडा आणि बघा कुठला यूयूआयडी आहे.

आळशी_पेंग्विन

पैज जिंकलात. आणि थोडी लाज पण वाटली.

एफएसटॅबमध्ये स्वॅपचा जुनाच यूयूआयडी. जर्नलमध्ये तोच टाइम्ड आउट, खाली "डिपेंडन्सी फेल्ड फॉर स्वॅप". फ्री कमांड चालवली तर स्वॅप शून्य, म्हणजे महिनाभर मशीन स्वॅपशिवाय चाललंय आणि मला पत्ता नाही. रिझ्यूमच्या फाइलमध्ये पण तोच जुना. क्वाएट (बूटचे संदेश लपवणारा ऑप्शन) काढून बूट केलं तर त्या अर्ध्या मिनिटानंतर "गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस" अशी ओळ स्पष्ट आली.

दोन्हीकडे नवीन यूयूआयडी टाकला. रीबूट केलं. दीड मिनिट गेलं!! पण सुरुवातीचे ३० सेकंद अजून आहेत. फाइल तीन वेळा उघडून बघितली, यूयूआयडी बरोबर आहे. काय राहिलं?

खटपट्या

अपडेट-इनिटरॅमएफएस राहिलं. ती फाइल बूटच्या वेळी तिथून वाचली जात नाही, रूट माउंट व्हायच्या आधीचा मामला आहे तो, तिची कॉपी इनिटरॅमएफएसच्या आत भरलेली असते. म्हणून अपडेट-इनिटरॅमएफएस -यू, आणि सगळ्या कर्नलसाठी करायचं तर सोबत -के ऑल, नाहीतर कधी जुन्या कर्नलवर गेलात की पुन्हा तेच ३० सेकंद. हायबरनेट कधी करतच नसाल तर त्या फाइलमध्ये रिझ्यूम=नन लिहून मोकळे व्हा, मी तसंच ठेवलंय.

आणि एक सवय लावून घ्या, एफएसटॅब बदललं की रीबूट मारून नशीब आजमावायचं नाही. आधी फाइंडएमएनटी --व्हेरिफाय, ते टायपो वगैरे पकडतं. मग सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड, कारण सिस्टमडी एफएसटॅबवरून स्वतःची माउंट युनिटं बनवून ठेवतो आणि रीलोड केलं नाही तर जुन्याच युनिटांवर चालतो. मग माउंट -ए आणि स्वॅपॉन -ए. हे सगळं निमूट झालं की मग रीबूट.

यूएसबी डिस्कच्या ओळीत नोफेल घालून ती परत चालू करा. अजून बरं हवं असेल तर नोऑटो आणि एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट, म्हणजे त्या फोल्डरमध्ये कोणी पाय ठेवला की तेव्हाच माउंट होईल. फक्त त्यासोबत एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट १० सेकंद वगैरे द्या. नाहीतर डिस्क लावलेली नसताना चुकून त्या फोल्डरवर क्लिक केलं की फाइल मॅनेजर दीड मिनिट गोठून बसेल आणि तुम्ही परत इथे याल :)

जुनं_खोड

वेळेचं खटपट्याने बघितलंच आहे, मी त्या एनटीएफएसकडे वळतो, कारण मला जास्त काळजी तिथली वाटतेय.

पॅटर्न लागत नाही म्हणता, पण मला सांगा, ज्या दिवशी माउंट होत नाही त्याच्या आधी तुम्ही विंडोजमध्ये होतात का? आणि तिथून बाहेर पडताना शटडाऊन केलं होतं की रीस्टार्ट?

विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचं प्रकरण आहे. शटडाऊन म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतो, आणि त्याने उघडलेली एनटीएफएस पार्टिशनं तशीच अर्ध्या अवस्थेत सोडतो. तुमचं डेटा पार्टिशन दुसऱ्या डिस्कवर असलं तरी तेही त्यात आलं. रीस्टार्ट केलं मात्र की सगळं नीट आवरून बंद करतो. म्हणजे रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलात तर माउंट होतं, रात्री शटडाऊन करून सकाळी लिनक्स लावलं तर होत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश) बघा, एनटीएफएस३ (लिनक्सचा नवा एनटीएफएस ड्रायव्हर) वापरत असाल तर "व्हॉल्यूम इज डर्टी अँड फोर्स फ्लॅग इज नॉट सेट" अशी ओळ असणार. जुना एनटीएफएस-३जी असता तर त्याने बहुतेक रीड-ओन्ली माउंट करून दिलं असतं, एनटीएफएस३ सरळ नाही म्हणतो. कर्नल ५.१५ पासून तो कर्नलमध्येच आहे.

तर वर जो फोर्सचा सल्ला आहे त्याच्याबद्दल. विंडोजच्या डोक्यात त्या पार्टिशनचं एक चित्र साठवलेलं आहे, तुम्ही फोर्स करून इकडून फाइली बदलल्यात, आणि मग विंडोज उठला आणि त्याने आपल्या जुन्या चित्राप्रमाणे लिहायला सुरुवात केली तर जे होईल ते निस्तरायला कोणी येत नाही. दोन वर्षं काही झालं नाही म्हणजे नशीब बरं. एनटीएफएसफिक्स -डी ने डर्टीचा शिक्का पुसता येतो पण ते खरं रिपेअर नव्हे, शिक्का पुसला म्हणजे मामला निवळला असं नाही. विंडोजमध्ये जा, अ‍ॅडमिनवाला कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरसीएफजी /एच ऑफ करा, त्याने हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातं, मग त्या ड्राइव्हवर चेकडिस्क /एफ एकदा चालवा, आणि मगच लिनक्समध्ये या.

आता मुख्य गोष्ट. त्या ओळीत नोफेल आहे ना? म्हणजे डेटा माउंट झाला नाही तरी बूट गुपचूप होतं. /डेटा हा फोल्डर मात्र तिथे असतोच, फक्त रिकामा, आणि तो असतो तुमच्या एसएसडीच्या रूटवर. त्या दिवसांत कुठला प्रोग्रॅम, डाउनलोडर, बॅकअप स्क्रिप्ट /डेटा मध्ये लिहीत होता का? लिहीत असेल तर ते सगळं रूटवर गेलंय, आणि दुसऱ्या दिवशी डिस्क माउंट झाली की तिच्याखाली झाकलं गेलंय. डोळ्यासमोर असून दिसणार नाही. डीएफ चालवून बघा रूटवर किती जागा गेलीये.

आळशी_पेंग्विन

हे वाचून पोटात गोळा आला. रूट १२० जीबीचं आहे, डीएफ म्हणतंय ८३ जीबी वापरली. डीयू -एक्स ने रूटवरच्या दिसणाऱ्या फाइली मोजल्या तर ४२ भरतात. मी गेले पंधरा दिवस हा फरक बघतोय आणि समजत होतो की एक्स्ट४ (रूटची फाइलसिस्टम) थोडी जागा राखून ठेवतं ती असेल. ४१ जीबी राखून???

रात्री दोन वाजता फोटोंची बॅकअप स्क्रिप्ट क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप) चालते, /डेटा/बॅकअप मध्ये लिहिते. आणि हो, विंडोजमधून मी बहुतेक वेळा शटडाऊनच करतो. डर्टीची ओळ डीमेसेजमध्ये आहे, शब्दशः. आता खालचं बघायचं कसं? डिस्क अनमाउंट करायला गेलो तर टार्गेट इज बिझी म्हणतंय.

जुनं_खोड

अनमाउंट करायची गरज नाही. माउंट --बाइंड करून रूटचा स्लॅश एमएनटी वर लावा. बाइंड माउंटमध्ये फक्त रूटची फाइलसिस्टम दिसते, तिच्यावर चढवलेल्या बाकीच्या डिस्का दिसत नाहीत. म्हणजे एमएनटी मधला डेटा फोल्डर उघडलात की तो खालचा झाकलेला फोल्डर दिसेल. लगेच डिलीट करू नका!! आरसिंक आधी -एन लावून, म्हणजे नुसतं काय काय करणार ते दाखवणारा, चालवा आणि दोन्हीकडची तुलना करा. मग हलवा.

आणि हे परत होऊ नये म्हणून, डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या /डेटा फोल्डरला सीएचअ‍ॅटर +आय करून ठेवा. त्याने फोल्डर गोठतो, रूट युजरला पण त्यात फाइल बनवता येत नाही, पण वर डिस्क माउंट करायला काही आडकाठी नाही. स्क्रिप्ट मग तोंडावर एरर देऊन मरेल, तेच हवंय. स्क्रिप्टमध्ये पण पहिल्या ओळीत माउंटपॉइंट कमांडने तपासा की खरंच माउंट आहे का, नसेल तर तिथेच बाहेर. नोफेल लावणारे हजार मिळतील, हे करणारा एखादाच. मी पण एकदा चांगले पोळलो तेव्हा शिकलो.

वायरमन

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी, कारण सर्चमधून येणारे येतील. माझ्याकडे हुबेहूब हीच लक्षणं होती, डिस्क कधी यायची कधी नाही, बूट स्लो, पण यूयूआयडी वगैरे सगळं बरोबर होतं आणि विंडोज नव्हतंच. वेळ मात्र दर वेळी वेगळा जायचा, खटपट्या म्हणतात तसं. डीमेसेजमध्ये "लिंक इज स्लो टु रिस्पॉन्ड, प्लीज बी पेशंट" आणि खाली कॉमरिसेट फेल्ड. स्मार्टसीटीएल -ए मध्ये (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) १९९ नंबरचा, यूडीएमए सीआरसी एररवाला आकडा रोज वाढत होता, पण ५ नंबरचा रीअ‍ॅलोकेटेड आणि १९७ चा पेंडिंग सेक्टर दोन्ही शून्य. म्हणजे डिस्क ठणठणीत, साटा केबल गेलेली. केबल बदलली, बास. १९९ चा आकडा कमी होत नाही, तो कायमचा राहतो, फक्त वाढायचा थांबला की झालं. उगाच घाबरून डिस्क फेकू नका.

झटपट

फोर्स काढला मी पण. शांतपणे.

आळशी_पेंग्विन

अपडेट देतो, उशीर झाला त्याबद्दल सॉरी.

इनिटरॅमएफएस अपडेट केला. आता कर्नल ५ सेकंद, युजरस्पेस ११ सेकंद. लाल चांदण्या गायब, मशीन चालू करून खुर्ची ओढून बसेपर्यंत लॉगिन समोर असतं. चालू करून दुसऱ्या खोलीत जायची सवय लागली होती, आता परत येतो तर स्क्रीन लॉक होऊन बसलेली असते.

बाइंड माउंट करून खाली बघितलं. पंधरा रात्रींपैकी सहा रात्रींचे बॅकअप तिथे होते, एसएसडीवर, डेटाच्या खाली गाडलेले. वाईट भाग असा की माझी स्क्रिप्ट फक्त शेवटचे सात बॅकअप ठेवते, जुने उडवते, आणि ती मोजणी दोन ठिकाणी वेगवेगळी चालली होती, वर वेगळे सात आणि खाली वेगळे सहा. -एन लावून तुलना केली तर फोटो सगळे दोन्हीकडचे मिळून पूर्ण निघाले, एकही गेला नाही. हलवले, रूट परत ४२ जीबीवर आलं.

विंडोजमध्ये पॉवरसीएफजी ऑफ केलं, चेकडिस्कला त्या ड्राइव्हवर पाऊण तास लागला, काहीतरी किरकोळ दुरुस्त केलं म्हणाला. त्यानंतर मुद्दाम चार वेळा विंडोजमधून शटडाऊन करून लिनक्समध्ये आलो, चारही वेळा डेटा माउंट झाला. यूएसबीची ओळ नोफेलसकट चालू आहे, डिस्क न लावता बूट करून बघितलं, हूं की चूं नाही.

सीएचअ‍ॅटर पण केलं आणि तपासायला म्हणून डेटा अनमाउंट करून स्क्रिप्ट हाताने चालवली. "ऑपरेशन नॉट परमिटेड" म्हणून पहिल्याच ओळीला आडवी झाली. एरर बघून इतका आनंद पहिल्यांदाच झाला.

फक्त एक, सीएचअ‍ॅटर केलेलं विसरून वर्षाने तो फोल्डर डिलीट करायला जाईन आणि रूट असून डिलीट का होत नाही म्हणून परत इथेच विचारेन, तेव्हा हसू नका.

जुनं_खोड

एलएसअ‍ॅटर -डी, फोल्डर गोठवलेला आहे का ते त्याने कळतं. आत्ताच एफएसटॅबमध्ये त्या ओळीच्या वर हॅश टाकून लिहून ठेवा.